अर्ध्या तासानंतरचा वास

नवऱ्यासाठी एक सेंटची बाटली घ्यायची, एवढंच सूनबाईनं ठरवलं होतं. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं? पण काही घरंच अशी असतात की इकडच्या भिंतीत साधा खिळा ठोकावा, तर पलीकडच्या खोलीत आरसा खाली येतो. सूनबाईचं सासर त्यातलं होतं आणि हे लग्नाआधी तिला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगतात कुठे? ‘मुलगा शांत आहे’ इथपर्यंतच माहिती येते. शांत का आहे, ते आपलं आपण शोधायचं.)

मुलगा शांत होता त्याचं कारण अण्णा.

अण्णा म्हणजे सूनबाईचे सासरे. गेल्याच वर्षी रिटायर झालेले. नोकरी ड्रायव्हिंगची टेस्ट घेण्याची. उभी हयात त्यांनी लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून लोकांना नापास करण्यात घालवली होती. ते रागवायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. गाडी थांबली की ‘हं’ म्हणायचे आणि खाली उतरायचे. त्या ‘हं’मध्ये सगळं आलं. अजूनही ते रस्त्यानं समोरून आले की ओळखीची माणसं, पायी चालत असली तरी, वळण्याआधी हात दाखवायची.

पोटच्या मुलालाही त्यांनी सोडलं नव्हतं. दोनदा नापास. पहिल्यांदा, टेस्टच्या ऐन मध्यावर तो त्यांना ‘अण्णा’ म्हणाला म्हणून. (‘गाडीत नातं काढायचं नाही.’) दुसऱ्यांदा, चढावर थांबवलेली गाडी पुन्हा काढताना मागे घसरली म्हणून. तेव्हापासून मुलानं स्टिअरिंगला हात लावला नाही तो नाहीच. दुकानात सामानाची ट्रॉली ढकलायची वेळ आली तरी तो बायकोला म्हणायचा, ‘तू घे ना.’

तो एका विमा कंपनीत होता. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि ‘बंपर गेला, बोनेट वाकलं’ असं टेबलावर बसून लिहायचं, हे त्याचं काम. ते तो इतकं नेटकं करायचा की साहेबांनी त्याला सर्व्हेअर करायचं ठरवलं. म्हणजे जागेवर जाऊन गाड्या बघायच्या, हाताशी कंपनीची गाडी आणि वर थोडा रुबाब. अट एकच, महिनाअखेरपर्यंत लायसन्स हवं. ‘अपघात बघायला आपला माणूस बसनं गेला तर बरं दिसत नाही हो,’ साहेब म्हणाले. लायसन्स जमलं नाही तर ती जागा पलीकडच्या टेबलावरच्या जांभईबहाद्दराला जाणार होती. त्याच्याकडे लायसन्स होतं. दुसरं काही नव्हतं, पण लायसन्स होतं.

सूनबाईला रुबाबाशी घेणंदेणं नव्हतं. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, जेवायला बसल्यावर अण्णा समोर असतानाही नवऱ्यानं मान वर करून मीठ मागावं. (हल्ली तो अळणी खायचा.) आणि दुसरी, गाडीत त्याच्या शेजारी बसून, मागे कुणी नसताना, कुठेही, अगदी पेट्रोल पंपापर्यंत का होईना, जाऊन यावं. नव्या नवरीची अपेक्षा याहून कमी असू शकत नाही. पण घर भरलेलं असलं की पेट्रोल पंपही परदेशासारखा लांब वाटतो.

नवरा ऑफिस सुटल्यावर ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागला. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, आणि सगळ्यांना माहीत. सूनबाई एकदा स्कूलच्या मास्तरांना भेटून आली.

‘गाडी उत्तम चालवतो हो तुमचा माणूस,’ मास्तर म्हणाले. ‘फक्त शेजारी कुणी बसलं की हातपाय गळतात.’

‘पण शेजारी तुम्हीच बसता ना?’

‘मी हल्ली मागे बसतो.’

पण टेस्ट घेणारे साहेब काही मागे बसणार नव्हते. सूनबाई विचारात पडली. नवऱ्याला धीर द्यायला हवा होता, आणि बोलून धीर देणं तिला जमत नसे. तिचं बोलणं मनात आधी नीट जुळवलं जाई, त्यातला कमीजास्त शब्द काढला जाई, आणि ते ओठांवर येईपर्यंत समोरचा माणूस खोलीबाहेर गेलेला असे. तेव्हा न बोलता देता येईल असा धीर हवा. अंगाला चांगला वास असला की माणूस आपोआप ताठ बसतो, असं तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. ठरलं. सेंट.

दुकानात काउंटरवर एक चटपटीत मुलगी होती.

‘कुणासाठी, मॅडम?’

‘मिस्टरांसाठी.’

‘कसे आहेत ते?’

सूनबाई गडबडली. नवरा कसा आहे हे लग्नाआधी सगळे सांगतात, लग्नानंतर कुणी विचारत नाही. ‘चांगले आहेत,’ ती म्हणाली.

‘तसं नव्हे हो. म्हणजे स्पोर्टी की सीरियस?’

‘ड्रायव्हिंगची टेस्ट आहे त्यांची.’

मुलीनं क्षणभर विचार केला. ‘मग सीरियस.’ तिनं एक काळसर हिरवी बाटली काढली, कागदाच्या पट्टीवर फवारा मारला आणि पट्टी सूनबाईच्या हातात दिली. ‘याला फुजेर म्हणतात. पुरुषांच्या सेंटमधली जुनी, घरंदाज तऱ्हा. फुजेर म्हणजे नेचा. कुंडीत लावतात ना, झालरीसारखी पानं असतात, ते झाड.’

‘नेच्याला असा वास येतो?’

‘नेच्याला वासच नसतो, मॅडम. असता तर कसा असता, अशी कल्पना करून बनवलाय. वर लॅव्हेंडर, खाली शेवाळं, मधे वाळल्या गवतासारखं काहीतरी.’

सूनबाईला हे पटलं. न केलेल्या कामाचा असाच दरवळ सोडणारी माणसं तिनं ऑफिसांतून पाहिली होती.

‘जुना फुजेर म्हणजे आजोबांच्या सलूनचा वास,’ मुलगी पुढे म्हणाली. ‘हा मॉडर्न आहे. सलून तेच, पण एसी बसवलेलं. पहिला अर्धा तास लिंबू, मिरी, एकदम फ्रेश. मग खालचा जुना वास हळूहळू वर येतो. तो आला की संध्याकाळपर्यंत हलत नाही.’

लिंबू-मिरी ऐकून सूनबाईला भूक लागली, धीर काही आला नाही. तिनं आणखी बऱ्याच बाटल्या हुंगल्या. नाक पार बधिर झालं. रिकाम्या हातानं परत फिरणार, तेवढ्यात मुठीत राहून गेलेली पहिली पट्टी तिनं सहज नाकाशी नेली, आणि तिला एकदम बरं वाटलं. कसं सांगावं? दाराची कडी लावलेली आहे, गॅस बंद आहे, उद्याची सगळी तयारी झालेली आहे आणि कुणीतरी जबाबदार माणूस अजून जागा आहे, असा तो वास होता. ओळखीचाही वाटत होता. कुठला, ते मात्र आठवेना.

(तिथेच उभं राहून तिनं ते आठवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.)

टेस्टच्या दिवशी सकाळी अण्णा फिरायला गेले होते. सूनबाईनं बाटली नवऱ्यापुढे ठेवली. त्याला फार आनंद झाला. एकटे असले की दोघं एकमेकांना अरे-तुरे करत. दाराबाहेर पाऊल पडलं की तो ‘अहो’ होत असे.

‘दोनच फवारे मार रे,’ ती म्हणाली.

पण टेस्टच्या दिवशी दोनावर कोण थांबतं? त्यानं झुरळ मारायच्या औषधासारखी बाटली चालवली. गळा, कान, मनगटं, वर डोक्यावरून एक. खोलीत लिंबाचा आणि मिरीचा घमघमाट सुटला.

‘झकास!’ तो म्हणाला. ‘मला सॅलडसारखं वाटतंय.’

मग कपडे, मग केस, मग पुन्हा केस. बूट पुसायला म्हणून तो फडकं घेऊन दाराशी गेला, तर बूट आधीच आरशासारखे चकाकत होते. त्यानं वळून बायकोकडे असं काही पाहिलं की तिला भरून आलं. बूट तिनं पुसले नव्हते. पण इतक्या प्रेमानं कुणी बघत असताना ‘मी नाही’ म्हणायला जी हिंमत लागते, ती सूनबाईकडे नव्हती. तिनं मान खाली घातली. (श्रेय असंही घेता येतं.)

एव्हाना अर्धा तास होऊन गेला होता.

पहिला फटका शेजारच्या काकांना बसला. ते दाराकडे पाठ करून आपली स्कूटर नेहमीप्रमाणे जिन्याच्या तोंडाशी आडवी लावत होते. नवरा बूट घालून त्यांच्या मागे उभा राहिला मात्र, काकांचं नाक वर झालं. पाठ ताठ झाली. ‘सरळच लावतोय, साहेब, सरळच लावतोय,’ असं पुटपुटत त्यांनी मागे न बघता स्कूटर उचलून भिंतीला चिकटवली आणि जिना चढून पळाले.

‘काकांना काय झालं?’ नवरा म्हणाला आणि चहा घ्यायला स्वयंपाकघरात शिरला. सूनबाई कप पुसत कोपऱ्यात उभी होती. सासूबाई शेगडीपाशी, पाठमोऱ्या.

‘आलात? बसा,’ सासूबाई सुरू झाल्या. ‘आणि मी काय सांगते ते ऐका. आज पोराला एक अक्षर बोलायचं नाही. तो चढ, ते घसरणं, काही म्हणजे काही काढायचं नाही. काल झोपेत नुसते पाय आपटत होतात. ब्रेक दाबत होतात, ब्रेक! माझी नडगी काळीनिळी झालीय. टेस्ट त्याची आहे, तुमची नाही.’

‘हं,’ नवरा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

‘हं काय हं? पहाटे उठून त्याचे बूट घासत बसला होतात, तेही पाहिलंय मी. कुणाला सांगणार नाही, घाबरू नका. पण इतका जीव तुटतोय तर एकदा तोंडानं म्हणायला काय—’

आणि त्या वळल्या. हातातलं उलथणं खाली पडलं.

‘तू? अगं बाई! अरे, वास तर ह्यांचा येतोय!’

सूनबाईच्या हातातला कप निसटता निसटता राहिला. आता तिला आठवलं. आता काय उपयोग? अण्णांच्या कपाटात एक जुनी हिरवी बाटली होती. कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलेलं. त्यामुळे अण्णा जपून, अगदी नावापुरती लावत. तो पुसट वास बाथरूमच्या दारात, पॅसेजमध्ये, वर्तमानपत्रात मुरलेला होता. नव्यानं आलेल्या सूनबाईला तो भिंतींचाच वाटला होता, घराचा. दाराची कडी लावणारा, गॅस बंद करणारा तो जबाबदार माणूस म्हणजे अण्णा, आणि तिनं त्यांची एसी बसवलेली आवृत्ती नवऱ्याच्या अंगावर ओतली होती.

‘धुऊन टाक! धू आधी!’ सासूबाई म्हणाल्या.

साबण झाला, गरम पाणी झालं, शर्ट बदलून झाला. धुण्यानं लिंबू आणि मिरी तेवढी गेली. अण्णा राहिले.

आणि त्याच वेळी खरे अण्णाही आले. दारात थांबले. त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला, मुलाच्या ओल्या गळ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘माझ्या बाटलीला कुणी हात लावला?’

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिचं नाव त्यानं घेतलं नाही. सूनबाईनं मनात वाक्य जुळवायला घेतलं: ‘अण्णा, तुमच्या बाटलीला कुणीही हात लावलेला नाही, ही मी आणलेली वेगळी बाटली आहे.’ ‘कुणीही’ ठेवावं की काढावं, यावर ती अडली. तोवर अण्णांनी ‘हं’ म्हटलं, खाली बसले आणि बुटांची नाडी सोडायला लागले. सासूबाईंचा चेहरा पडला. फिरून आल्यावर अण्णा कधी बूट घालून आत येत नसत. आज घालूनच आले होते, म्हणजे मुलाबरोबर मैदानावर यायचं त्यांच्या मनात होतं. आता ते बूट निघाले.

‘येतो,’ नवरा म्हणाला. सूनबाई त्याच्या मागोमाग निघाली.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. थोड्या वेळानं तो म्हणाला, ‘मला माझीच भीती वाटतेय गं. मान वळवली की अण्णा.’

‘मग समोर बघा,’ ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती न जुळवता वाक्य बोलली, आणि ते हे निघालं.

टेस्टचं मैदान म्हणजे चुन्याच्या रेघा, रबरी खांब आणि टोकाला सिमेंटचा एक चढ. बरोबर आलेल्यांसाठी कडेला बाक होता. सूनबाई त्यावर बसली. टेस्ट घेणारे साहेब गोल चेहऱ्याचे, हसरे होते. येता-जाता लोकांशी थट्टा करत होते. ‘देवमाणूस आहे,’ बाकावरच्या एक बाई म्हणाल्या. ‘अण्णासाहेब गेले आणि हे आले, तेव्हापासून माणसं पास व्हायला लागली.’ सूनबाईला जरा हायसं वाटलं.

नवरा स्टिअरिंगवर बसला. साहेब हसत हसत शेजारी बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुढचं सूनबाईनं लांबून पाहिलं ते असं. साहेबांचं हसू बंद झालं. त्यांनी शर्टचं वरचं बटण लावलं. मग पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. गाडी जागेवरच. मग चारही काचा खाली आल्या. मग काही तरी बोलणं झालं. मग साहेब गाडीतून उतरले, नवराही उतरला, आणि दोघांनी जागा बदलल्या. साहेब स्टिअरिंगवर. नवरा शेजारी.

‘अगं बाई,’ बाकावरच्या बाई म्हणाल्या, ‘तुमचे मिस्टर टेस्ट घेतात होय?’

गाडी निघाली, तडक चढावर गेली, मधोमध थांबली. सूनबाईनं पदरमोड करून आणलेला सगळा धीर तिथे संपला. गाडी बराच वेळ तशीच उभी राहिली. मग केसभरही मागे न घसरता हळूच वर गेली. वर पोचल्यावर साहेबांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नवऱ्यानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

गाडीत काय झालं ते नवऱ्यानं नंतर सांगितलं. दार लागलं आणि वास कोंडला. धीर यावा म्हणून नवरा आपल्याशीच पाठ म्हणायला लागला, ‘आरसा.’ तर साहेबांनी झटकन हात वर करून आरसा नीट केला. तो म्हणाला, ‘पट्टा.’ साहेबांनी पट्टा लावला. ‘हँडब्रेक,’ म्हटल्यावर साहेबांचा हात हँडब्रेकवर.

‘साहेब,’ नवरा शेवटी म्हणाला, ‘टेस्ट माझी आहे.’

‘हो, हो, तुमचीच!’ साहेबांनी कपाळ पुसलं, काचा खाली केल्या. ‘तुम्ही अण्णासाहेबांचे का हो कुणी? मुलगा? तरीच! अहो, हा वास नाकात गेला की मी पुन्हा ट्रेनिंगला आल्यासारखा होतो. त्यांच्याच हाताखाली शिकलो ना मी. आता तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका. त्या चढावर त्यांनी मला कधीच पास केलं नाही. शेवटी माझी बदली आली म्हणून सुटलो. आज रोज शंभर लोकांना तो चढ चढायला लावतो, पण स्वतः... स्वतः तिकडे जात नाही. एक करता का? पाच मिनिटं इकडे बसा. काही बोलू नका. नुसते बसा.’

नवरा बसला. आणि बसल्यावर त्याला एक गोष्ट कळली. चढावर गाडी थांबली, साहेबांचा पाय क्लचवर कापायला लागला, आणि याचा पाय आपोआप पुढे गेला. तिथे ब्रेक नव्हता. स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही ब्रेक असतो. टेस्टच्या गाडीत तो नव्हता. तिथे नुसती पत्र्याची फरशी होती आणि ती बुटांनी घासून घासून मधे खोल गेली होती. इतकी वर्षं अण्णा तिथे बसत होते, परक्या माणसाच्या हातात जीव देऊन, पाय त्या पत्र्यावर रोवून, तोंडानं फक्त ‘हं’ म्हणत.

‘म्हणजे ते घाबरायचे गं,’ नवरा सांगत होता. ‘रोज. प्रत्येकाला. मी चालवायचो तेव्हा तर जास्तच असतील.’

गाडी वर पोचली तेव्हा त्यानं साहेबांना सांगितलं, ‘पास.’ त्यावर साहेबांचं ते तोंड झाकणं.

मग जागा पुन्हा बदलल्या. नवऱ्यानं आरसा लावला, पट्टा लावला, काचा स्वतः वर घेतल्या आणि गाडी काढली. रबरी खांबांमधून गेली, मागे घेतली, चढावर थांबली, चढली. शेजारी धडधडतंय ते आपल्यापेक्षा जास्त, हे एकदा कळलं की हात स्थिर राहतात म्हणे. खाली आल्यावर साहेबांनी हात पुढे केला. ‘अभिनंदन! अण्णासाहेबांना माझा नमस्कार सांगा. आणि... त्या चढाचंही सांगा. जमलं तर.’

घरी आले तेव्हा अण्णा बाहेरच्या खोलीत बसले होते. हातात हिरवी बाटली उलटी धरलेली. समोर सासूबाई काळजीनं बघत होत्या.

‘रिकामी आहे,’ अण्णा कुणाकडेच न बघता म्हणाले. ‘कधीचीच रिकामी आहे. मी नुसतं बूच फिरवतो गळ्यावर. मग सकाळी तो वास आला कुठून? ताजा, भरपूर, अगदी माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवसासारखा.’ त्यांनी बाटली हलवून पाहिली. ‘नाही ते वास यायला लागले म्हणजे डोकं कामातून गेलं, असं म्हणतात.’

एवढा मोठा माणूस इतक्या बारीक आवाजात बोलताना सूनबाईनं कधी ऐकला नव्हता. या खेपेला तिनं वाक्य जुळवलं नाही. ‘अण्णा, मी घोळ केला,’ ती म्हणाली आणि धावत जाऊन नवी बाटली घेऊन आली. नेचा, सलून, एसी, लिंबू, मिरी, दुकान बंद व्हायची वेळ, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. मधेच ‘आणि बूटही मी पुसले नव्हते’ हेही निघून गेलं. घरात तिला एवढं बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं. सासूबाईंनी तिला पाणी दिलं.

अण्णांनी मनगटावर एक फवारा मारला. डोळे मिटले. घड्याळ समोर ठेवून चांगला अर्धा तास ते बसून राहिले, आणि सगळे त्यांच्याभोवती निकालाची वाट बघत बसले.

‘सुरुवातीला फार घाई करतो,’ अखेर अण्णा म्हणाले. ‘हॉर्नही जास्त वाजवतो. मधे सावरतो.’ त्यांनी पुन्हा मनगट हुंगलं. ‘शेवट बरोबर आहे.’

‘म्हणजे पास?’ सासूबाई.

‘उद्या पुन्हा बघावं लागेल,’ असं म्हणून त्यांनी बाटली खिशात टाकली. मग मुलाकडे वळले. ‘चढावर?’

‘नाही घसरली, अण्णा. आणि साहेबांनी नमस्कार सांगितलाय. त्यांचीही नाही घसरली.’

‘हं,’ अण्णा म्हणाले. पण हा ‘हं’ निराळा होता. त्याच्या मागोमाग त्यांनी दारात कव्हर घालून ठेवलेल्या आपल्या जुन्या गाडीची किल्ली काढून मुलाच्या हातावर ठेवली. रात्री जेवताना नवऱ्यानं मान वर करून मीठ मागितलं. अण्णांनी ते स्वतः पुढे सरकवलं. सूनबाईचं निम्मं मागणं पुरं झालं.

उरलेल्या निम्म्यासाठी तिनं सुट्टीच्या दिवशी ठेवणीतला ड्रेस घातला. नवरा स्टिअरिंगवर बसला. तिनं पुढचं दार उघडलं, तर शेजारच्या सीटवर अण्णा. ताजे, नुकताच फवारा मारलेले. मागे सासूबाई, मांडीवर मोठी पिशवी. ‘ये गं, ये, जागा आहे,’ त्यांनी पिशवी सूनबाईच्या मांडीवर दिली. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. नवऱ्यानं वाटेत एकदा आरसा जरासा वळवला, त्यात सूनबाई दिसावी म्हणून. ती हसली.

‘आरसा मागच्या गाड्यांसाठी असतो,’ अण्णा म्हणाले. मग त्यांनीही आरशात पाहिलं. ‘हिच्याकडे आहे का लायसन्स?’

‘नाही,’ तिघंही एकदम म्हणाले. त्यात सूनबाईचा आवाज सगळ्यात मोठा होता, हीच तिची चूक झाली.

‘उद्यापासून. सकाळी. मी शिकवीन.’

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गाडी दारातून काढून गल्लीत उभी केली आणि सूनबाई त्यांच्या शेजारी स्टिअरिंगवर बसली. अख्ख्या घरात आपल्याला एकटीला अण्णांची भीती वाटत नाही, त्यांच्या काळजाचं गुपित आपल्याला ठाऊक आहे, अशा थाटात बसली. तिनं सीट पुढे घेतली. आरसे लावले, पट्टा लावला, हँडब्रेक बघितला, गिअर बघितला. नवऱ्याकडून घोकून घेतलेलं एकूण एक तिनं ओळीनं, न गडबडता केलं, आणि कौतुकाचा शब्द ऐकायला अण्णांकडे पाहिलं.

‘हं,’ अण्णा म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले. ‘नापास.’

‘पण अण्णा, मी तर अजून गाडी सुरूसुद्धा केली नाही!’

‘तेच तर सांगतोय,’ अण्णा म्हणाले. ‘मागे अख्खी गल्ली अडलीय. शाळेची बस दोनदा हॉर्न वाजवून मागे फिरली, आता दूधवाला वाजवतोय. उतर आणि आधी त्यांची माफी माग.’